न पाठवलेली एकोणीस पत्रं

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या बाईंना सगळे कवळीताई म्हणतात. त्यांना ते ठाऊक आहे, आणि त्याचं त्यांना वाईटही वाटत नाही. दातांचे डॉक्टर रुग्णांच्या जबड्यांचे साचे पाठवतात आणि ताई मागच्या खोलीत खिडकीपाशी बसून मेणात एकेक दात लावतात. तीस वर्षं हेच काम, तेही एकटीने. "इतके खरे कसे दिसतात हो?" असं मी एकदा विचारलं होतं. तर म्हणाल्या, "एखादा मुद्दाम जरा वाकडा लावायचा, वहिनी. सगळे सरळ लावले तर लगेच खोटे कळतात."

मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहते. निवृत्त होईपर्यंत एका कारखान्याच्या संगणक विभागात होते, त्यामुळे इमारतीत कोणाचाही कॉम्प्युटर रुसला की माझं दार वाजतं. त्या मंगळवारी दुपारी ताईंनी वाजवलं तेव्हा त्यांच्या बोटांवर साच्यांचं प्लास्टर तसंच वाळलेलं होतं.

"वहिनी, सकाळी दादाचा फोन आला होता."

ताईंचा थोरला भाऊ दुसऱ्या शहरात असतो. आई गेली तेव्हा तो दोन दिवस उशिरा पोचला, आणि ताई दारातच त्याला म्हणाल्या, "आता आलास कशाला?" तो पिशवीही खाली न ठेवता परत फिरला. त्यानंतर अकरा वर्षं दोघांत अबोला.

"मग चांगलंच झालं की," मी म्हटलं.

"तो म्हणाला, तुझी पत्रं आली म्हणून धीर झाला. वहिनी, मी त्याला एकही पत्र पाठवलेलं नाही."

"मग तुम्ही काय बोललात?"

"नुसतं हं हं केलं आणि ठेवून दिला." त्या माझ्या कोचाच्या कडेवर टेकल्या. "लिहिली होती. दर वर्षी एक-दोन. पण पाठवायचा धीर झाला नाही, तशीच ईमेलच्या मसुद्यांत पडून होती. एकोणीस. आता बघितलं तर तिथे काहीच नाही. एकही नाही."

मी चष्मा घेतला आणि त्यांच्याबरोबर वर गेले. टेबलावर कोणाचा तरी खालचा जबडा अर्धवट पडला होता. तो बाजूला सारून ताईंनी ईमेल उघडायला घेतलं, तर पासवर्ड चुकला. पुन्हा टाकला, पुन्हा चुकला. खाली बारीक अक्षरांत ओळ आली : तुमचा पासवर्ड तेरा मिनिटांपूर्वी बदलण्यात आला आहे.

तेरा मिनिटांपूर्वी ताई माझ्या घरात, माझ्या कोचावर बसल्या होत्या.

"दादाला फोन लावा," मी म्हटलं. "तुमच्याशी बोलल्यावर त्याने काय केलं ते विचारा."

ताईंनी स्पीकर सुरू केला. भाऊ म्हणाला, "तुझा आवाज कसातरीच वाटला, म्हणून तुला मेल टाकला. बरी आहेस ना, असं विचारलं. का गं?"

म्हणजे तो मेल ताईंच्या आधी दुसऱ्याच कोणी वाचला होता. ताईंना कळलं हे त्या घुसलेल्या माणसाला समजलं, आणि त्याने पासवर्ड बदलून आतून कडी घातली.

"दादा, मी सांगेपर्यंत मेलला उत्तर देऊ नकोस. कोणीही लिहू दे," एवढंच बोलून ताईंनी फोन ठेवला.

खातं परत मिळवायचं पान उघडलं. कोड पाठवायला जो फोन नंबर दाखवला त्याचे शेवटचे आकडे ताईंचे नव्हते. पण नंबर नुकताच बदललेला असला तर जुना काही दिवस चालतो, हे मला माहीत होतं. दुसरा मार्ग निवडला. याच कॉम्प्युटरवरून, याच खोलीतून ताई वर्षानुवर्षं मेल बघत आल्या होत्या, तेही कामी आलं असावं. त्यांचा फोन वाजला. सहा आकडे आले आणि दार उघडलं.

"नवा पासवर्ड लांबलचक घाला. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द. आणि दुसरीकडे कुठेच वापरू नका," असं सांगून मी तोंड फिरवलं. नंतर कळलं, दातांचं सामान विकणाऱ्या एका दुकानाच्या साइटवर त्यांनी जुनाच पासवर्ड वापरला होता. तिथून तो बाहेर गेला असणार.

"झालं?" ताईंनी विचारलं.

"नाही. जो आधीच आत आहे तो नुसता पासवर्ड बदलून बाहेर जाईलच असं नाही."

मी खात्यात शिरलेल्या यंत्रांची यादी काढली. एक ताईंचा कॉम्प्युटर. एक त्यांचा फोन. तिसऱ्या नावापुढे हिरवा ठिपका होता आणि लिहिलं होतं : सध्या सुरू.

"वहिनी," ताई हळूच म्हणाल्या, "मसुद्यांत आता एक आहे."

मघाशी रिकामी असलेली ती जागा. मी ते उघडलं. "दादा," एवढंच होतं. पान ताजं केलं, तर पुढे ओळ आलेली. पुन्हा केलं, आणखी एक. आम्ही दोघी भर दुपारी, लख्ख उजेडात बसलो होतो आणि समोर पत्र वाढत होतं.

"दादा, सकाळी माझा आवाज वेगळा वाटला असेल. घसा बसलाय. आता फोन नको करूस, इथेच लिहीत जा. इथे मला जास्त मोकळं बोलता येतं कि"

"'की' मी अशीच लिहिते," ताई कुजबुजल्या. "चुकीची. शाळेपासून."

ओळ पुढे सरकली. "आईच्या खोलीची खिडकी मी अजूनही रोज सकाळी"

"रोज सकाळी काय?" ताई पडद्याला विचारत होत्या. "काय करते मी?"

त्यांना पुढचं वाचायचं होतं, हे मला स्पष्ट दिसलं. मी त्यांचा हात माऊसवर ठेवला. "ताई, सगळ्या यंत्रांवरून बाहेर पडा. ते बटण. आत्ता."

क्षणभर त्या थांबल्या. मग दाबलं. हिरवा ठिपका गेला. आम्ही पाचदा पान ताजं केलं. पत्र 'सकाळी'पाशीच थांबलेलं होतं.

मग आम्ही घर झाडावं तसं खातं झाडलं. फोन नंबर परत ताईंचा घातला. प्रत्येक मेलची प्रत एका अनोळखी पत्त्यावर जात होती, ती बंद केली. भावाकडून येणारा मेल इनबॉक्समध्ये न दाखवता परस्पर आतल्या एका फोल्डरमध्ये टाकायचा, असा नियम कोणीतरी लावून ठेवला होता. त्या फोल्डरला नाव म्हणून नुसतं एक टिंब होतं. नियम काढला. पासवर्डशिवाय फोनवरही होकार द्यावा लागेल अशी दुहेरी कडी लावली, आणि अडीनडीचे कोड छापून कागद कपाटात ठेवला.

टिंबाच्या फोल्डरमध्ये भावाची पत्रं होती. सगळी उघडून वाचलेली. त्यांच्या खालीच, ताईंच्या नावाने भावाला गेलेली पत्रंही सापडली. पहिली एकोणीस ताईंचीच, शब्द न् शब्द. पुढची सात दुसऱ्याची. एकात विचारलं होतं, "आई मला लहानपणी काय म्हणायची रे? तुझ्या तोंडून ऐकावंसं वाटतं." भावाने लगेच उत्तर दिलं होतं : "भुंगी." दुसऱ्या दोन साइटवर पासवर्ड विसरल्यास विचारायचा प्रश्न ताईंनी तोच ठेवला होता. शेवटच्या पत्रात आईच्या घराच्या कामासाठी म्हणून भावाच्या ओळखपत्राची प्रत मागितली होती. ती त्याने अजून पाठवली नव्हती.

ताईंनी त्याला पुन्हा फोन लावला आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं. स्पीकर सुरूच होता. तो म्हणाला,

"म्हणजे त्यातलं तुझं काहीच नव्हतं?"

"पहिली एकोणीस माझी. माफी मागितलेली माझीच. फक्त पाठवली मी नाहीत."

"आणि मला रात्री काय काय स्वप्नं पडतात, ते विचारलं होतंस ते?"

"ते मी नव्हे, दादा."

"त्याला मी सगळं लिहिलं गं. त्या वेळी मला उशीर का झाला तेही. बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही."

"तुझं ते पत्र मी अजून उघडलेलं नाही," ताई म्हणाल्या. "वाचू, की तूच सांगतोस?"

"त्या माणसानं वाचलंय ना?"

"हो."

"मग तू ऐक."

मी उठले आणि दार हलकेच ओढून घेतलं. त्याने काय सांगितलं ते मी कधी विचारलं नाही. पुढच्या महिन्यात तो आला, चार दिवस राहिला. जिन्यात भेटला तर ताईंसारखाच डावा खांदा उतरता.

त्यानंतरही तीन आठवडे, दुपारी चारच्या सुमारास, ताईंच्या फोनवर प्रश्न यायचा : तुमच्या खात्यात कोणीतरी येऊ पाहत आहे. हे तुम्हीच आहात का? एकदा मी तिथेच होते. ताईंचे दोन्ही हात मेणाने माखलेले. त्यांनी करंगळीने 'नाही' दाबलं, आणि फोन अंधारला तरी त्या त्याच्याकडे बघत राहिल्या.

"लिहायचा मात्र छान हो," त्या म्हणाल्या, आणि पुढचा दात उचलला.