सिनेमातला नळ आणि आमचा नळ

जावाजावा, उभा दावा म्हणतात. आमच्यात दावा नव्हता. दावा मांडायचा तर दोघींनी भांडावं लागतं, आणि धाकटी कधी भांडायचीच नाही. ती नुसतं डोळ्यांत पाणी आणायची. अंबरनाथ पूर्वेला आमच्या इमारतीच्या नळाला जे पाणी येत नव्हतं, ते हिच्या डोळ्यांना चोवीस तास होतं.

पाण्यासाठी हंडा मोर्चे काढले मी. घसा बसेपर्यंत ओरडले मी. रिकामा हंडा बडवून बडवून त्याला पोचे पाडले तेही मीच. धाकटी बदलापूरहून लग्न होऊन आली आणि पहिल्याच आठवड्यात टँकरवाला म्हणाला, "नव्या वहिनींना आधी भरू द्या." आणि रांगेतल्या बायका चक्क बाजूला झाल्या. तेव्हापासून माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते अजून थांबलेलं नाही. लपवून काय करायचं?

दरवर्षी आमचं मंडळ नाटक बसवायचं. त्या वर्षी पोरांच्या डोक्यात सिनेमाचं खूळ शिरलं. शूटिंगवाला उल्हासनगरचा सिंधी होता, कॅम्प तीनमध्ये त्याचं दुकान. लग्नाचं शूटिंग करायचा आणि आमच्या भागातल्या केबलवर संध्याकाळच्या लोकल बातम्याही तोच दाखवायचा. सिनेमाची गोष्ट अशी: निवडणूक तोंडावर आलेली आहे आणि पुढाऱ्याला पाणी काही देता येत नाही. मग त्याचा प्रचारवाला भिंतीला खोटा नळ बसवतो, भिंतीमागे टँकर उभा करतो आणि आनंदाने रडायला एक बाई भाड्याने आणतो. बातमीत तेवढंच दाखवतात. नळ, पाण्याची धार आणि रडणारी बाई.

गोष्ट ऐकली आणि मला वाटलं, ही बाई आपणच करायची. पाण्याबद्दल माझ्याइतकं कळतं कुणाला? गच्चीवर निवड होती. मी असं काही बोलले की समोरच्या इमारतीतले लोक खिडकीत आले. शूटिंगवाल्याने कॅमेरा खाली घेतला.

"भाभी, तुमचा गुस्सा एकदम असली आहे," तो म्हणाला. "पण स्क्रीनवर असली चीज नकली दिसते. पब्लिकला रोना पाहिजे."

तेवढ्यात धाकटी सगळ्यांसाठी चहा घेऊन वर आली. कुणीतरी गमतीने म्हणालं, तुम्ही करून बघा. तिने ट्रे कठड्यावर ठेवला, पदर सारखा केला आणि रडली. "बस, यही चाहिए!" शूटिंगवाला ओरडला. टाळ्या पडल्या. चहाचे उष्टे कप गोळा करून खाली आणले ते मी.

सिनेमा इमारतीच्या आवारात पडदा लावून दाखवला. नगरसेवक पाहुणे म्हणून पहिल्या रांगेत. आता याच्या नाकाला मिरच्या झोंबणार, म्हणून आम्ही त्याच्याकडेच बघत होतो. तर तोच सगळ्यांत जास्त हसला. शेवटी शूटिंगवाल्याला जवळ बोलावून म्हणाला, "आयडिया भारी आहे रे तुझी." नंतर सिनेमा केबलवर आठवडाभर चालला. भाजीवाली धाकटीला कोथिंबिरीची जास्तीची काडी द्यायला लागली. "तुम्ही त्या रडणाऱ्या ना?" मी शेजारी पिशव्या धरून उभी. तुम्ही त्या ओरडणाऱ्या ना, असं मला कुणी विचारलं नाही. पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय.

पुढे खरीच निवडणूक आली. एका सकाळी नगरसेवकाचा माणूस दारात. इमारतीला नवा नळ देतोय, उद्घाटन आहे, त्या रडणाऱ्या वहिनींना पाठवा. धाकटी सातव्या महिन्यात बदलापूरला माहेरी गेली होती. सासूबाई म्हणाल्या, "थोरली आहे. चालेल का?" संध्याकाळच्या उरलेल्या भाजीकडे बघावं तसं त्याने माझ्याकडे बघितलं.

"चालवून घेऊ," तो म्हणाला.

मी ठेवणीतली साडी नेसले. मनाशी ठरवलं होतं. इतकी वर्षं रस्त्यावर ओरडले ते आज घराघरात जाणार. आणि शूटिंगवाल्याचं केबल चॅनल बदलापूरपर्यंत दिसतं, तेव्हा धाकटीही बघणार. खरं सांगायचं तर मला हे दुसरंच जास्त हवं होतं.

नळाला झेंडूचा हार घातला होता. नगरसेवकाने चावी फिरवली आणि धो धो पाणी आलं. भिंतीपलीकडे मोटर घरघरत होती आणि भिंतीवरून पाइप आत आला होता. सिनेमात होतं तसंच सगळं, फक्त तिथला पाइप नीट झाकलेला होता. माइक माझ्या हातात आला. "हे टँकरचं पाणी आहे!" मी ओरडले. "तो पाइप बघा! आम्हाला रडवता आणि वर शूटिंग करता? लाज नाही वाटत?" बोलता बोलता संतापाने माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. कुणीतरी माइक ओढून घेतला. शूटिंगवाल्याने मात्र कॅमेरा बंद केला नाही. माझ्या तोंडासमोर आणून म्हणाला, "वा भाभी, एकदम मस्त."

संध्याकाळी घरातले सगळे टीव्हीसमोर बसलो. नळ दाखवला, धार दाखवली, नगरसेवक दाखवला. मग मी आले. आवाज नव्हता. आवाजाच्या जागी सनई होती, नवरी सासरी निघाली की तो लावायचा तीच. माझा हात संथपणे वर जात होता, गालांवरून आसवं ओघळत होती आणि लग्नाच्या कॅसेटमध्ये पडतात तशा गुलाबाच्या पाकळ्या माझ्यावर पडत होत्या. खाली अक्षरं सरकत होती: पाणी आलं! भगिनीला आनंदाश्रू अनावर.

सासूबाईंनी पदराने डोळे टिपले. लग्न होऊन आल्यापासून त्यांच्या तोंडून कौतुकाचा एक शब्द मी ऐकला नव्हता.

"छान केलंस गं," त्या म्हणाल्या. "अगदी धाकटीसारखं."

टँकर दुपारीच निघून गेला होता आणि नळाला फक्त हार उरला होता. तो आनंद नव्हता हो, असं मला ओरडून सांगायचं होतं. पण तेवढ्यात फोन वाजला. बदलापूरहून धाकटी.

"ताई, बघितलं मी. पाकळ्यापण टाकल्या तुमच्यावर?"

तिचा आवाज जरासा उतरला होता. मी रिसीव्हर कानाशी घट्ट धरला.

"हो," मी म्हटलं. "तुझ्यावर नव्हत्या ना टाकल्या?"