काळ्या पडद्यावरचा आवाज

मॉनिटरचा अर्धा भाग तळहाताने झाकून ताई विचारायच्या, "आता भेव लागते काय गा?" मी हो म्हटलं, की तेवढंच दृश्य ठेवायच्या.

सीताबर्डीत एका कापड दुकानाच्या वर त्यांची एडिटिंगची खोली होती. पोटासाठी लग्नाचे व्हिडिओ. जीव मात्र रहस्यपटांत. मी त्यांच्याकडे आवाजाचं काम करायचो.

त्यांनी एक थरारक गोष्ट लिहिली आणि आपल्याच हाताखाली शिकलेल्या एका दिग्दर्शकाला दिली. चित्रपट पुरा झाल्यावर तो टीझर करून घ्यायला आला. सोबत पोस्टर. 'कथा आणि दिग्दर्शन' याखाली त्याचं एकट्याचं नाव. ताईंनी पोस्टर पाहिलं, त्याला चहा पाजला आणि होकार दिला.

"काहून हो म्हटलं, ताई?" मी चिडलो.

"पिक्चर माझ्या हातात आला पाहिजे नं."

टीझरमध्ये खुनी नाही, प्रेत नाही. ओल्या पायऱ्या, बाहेरून कुलूप आणि आतून वाजणारी कडी. "आता पडदा काळा कर. लोकाईले वाटलं पाहिजे, संपलं. मंग हे लाव." त्यांनी फोन पुढे केला. दिग्दर्शकाने गोष्ट नेली तेव्हा स्वतःच्या आवाजात पाठवलेला संदेश होता तो.

त्याला दाखवलेल्या प्रतीत शेवट नुसता काळा ठेवला होता.

टीझर दाखवण्याच्या समारंभाला हॉल भरला. दिग्दर्शक माइकवर बोलून खाली बसला, टीझर सुरू झाला. कडी वाजली तशी माझ्या पुढची बाई नवऱ्याला बिलगली. मग अंधार, आणि त्यात त्याचा आवाज, "ताई, गोष्ट तुमचीच आहे. तुमचं नाव नाही टाकलं तर माझं तोंड पाहू नका."

आधी टाळ्या पडल्या. मग एकेक मान त्याच्याकडे वळू लागली. ताई मागे उभ्या राहून सगळ्या माना वळेपर्यंत पाहत होत्या.

"बरं वाटलं?" मी विचारलं.

"लय. खोटं काहून बोलू?"

निर्मात्याने चित्रपटात त्यांचं नाव घातलं. पण ताईंकडे काम येणं थांबलं. उद्या ही आपलाही आवाज लावेल, असं जो तो म्हणू लागला. खोली सोडून त्या शहराबाहेर बेसाला बहिणीकडे गेल्या, तिथेच आजारी पडल्या. चित्रपट लागला तेव्हा त्यांना उठवत नव्हतं. मी पाहून आलो आणि फोन केला.

"माझं नाव त्याच्या आधी हाय का मागून?"

"आधी, ताई."

"मंग दर खेळाले वाचत असन तो," म्हणत त्या हसल्या. हसता हसता खोकला आला, फोन बहिणीने घेतला. ताईंचा आवाज मी त्यानंतर ऐकला नाही.