विष्णुपंतांनी धरलेलं देणं

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. विष्णुपंतांच्या पाठी तर ब्रह्मराक्षसाचं अख्खं कुटुंब होतं. श्रीरामपूरच्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, ते दिवाणजी. मालकाची चप्पल दारात वाजली, की यांच्या टाकातून वहीवर शाईचा डाग पडलाच.

सेहेचाळीस सालची दिवाळी होती. जिनाचे मालक दोन. त्यांतले श्रीमंतराव तिसगावला आजारी पडलेले, आणि आप्पासाहेब नफ्याचा वाटा घेऊन भागीदारीतून निघणार होते. लक्ष्मीपूजनाला वह्या मिटल्या, की वाटा गल्ल्यातून उचलायचा. तोवर जिनात हुकूम त्यांचाच.

"यंत्रावरच्या बायांचा ह्या आठवड्याचा मजुरीचा रोज नफ्यातनं वजा करू नका," आप्पासाहेब म्हणाले. "अजून दिलाय कुठं? बाजारच्या दिशी देनार, म्हंजी नव्या सालाचा खर्च."

'पण काम तर या सालात झालंय', हे विष्णुपंतांनी मनातल्या मनात म्हटलं. रोज देण्यात धरला नाही, तर नफा फुगणार, आप्पासाहेब गल्ला खरवडून नेणार आणि बाया हात हलवत घरी जाणार. धरला, तर नोकरी जाणार, आणि राहतं घरही आप्पासाहेबांचंच! 

दुपारी रतनबाई दारात आली. यंत्रावर कपाशी टाकणारी, केसांत रुई अडकलेली.

"दिवानजी, रोज मिळंल न्हवं? सनाचं हाय."

विष्णुपंतांनी वही ओढली.  कोळशाचं राहिलेलं बिल, वखारीचं भाडं, बायांचा रोज, द्यायचं राहिलेलं सगळं त्यांनी देण्यात मांडलं. आकडे वेडेवाकडे आले, पण आले.

आप्पासाहेब वही वाचू लागले, तशी विष्णुपंतांची पाचावर धारण बसली. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"ऱ्हाऊ द्या बायांचा रोज. खोडला तर उगं बोभाटा व्हईल," आप्पासाहेब सावकाश म्हणाले. "पन तुमचा म्हैन्याचा पगार ह्यात दिसंना?"

 सगळ्यांचं लिहिताना स्वतःचं नाव लिहायला ते भ्याले होते.

"तो... राहिला."

"वहीत न्हाई ते आमी देनं लागत न्हाई. उद्यापासनं येऊ नका. आन् घर मोकळं करा."

घरी विजयाबाई करंज्या तळत होत्या. "पगार झाला का हो?" त्यांनी विचारलं.

"माझं काही येणं निघत नव्हतं," विष्णुपंत म्हणाले. नोकरी गेल्याचं आणि घर सोडायचं सांगायचा मात्र त्यांना धीर झाला नाही.