मेतकूट आणि पाच शहाण्या

टोकियोच्या फुनाबोरी भागात कुणाच्या घरात काय शिल्लक आहे हे सगळ्या मराठी बायकांना माहीत असतं, म्हणून मी मेतकूट टॉवेलांच्या मागे ठेवत असे. पुण्याहून आणलेली तीन पाकिटं, आजारपणासाठी राखलेली. वर्षभर घरात कुणी आजारी पडलं नाही, याचं मला थोडं वाईटच वाटत होतं.

खालच्या मजल्यावर एक नवीन मुलगी राहायला आली होती. नवरा विद्यापीठात पोस्टडॉक, हिला तिसरा महिना. पोटात पाणीसुद्धा ठरत नव्हतं. गुरुवारी बेल वाजवून तिने विचारलं, थोडं मेतकूट असेल का, मऊ भाताबरोबर तेवढं तरी जाईल. मी अर्ध्या उघडलेल्या दारातूनच सांगितलं की संपलंय, निशी-कासाईच्या भारतीय दुकानात बघ. तिथे मेतकूट मिळत नाही हे मला चांगलं ठाऊक होतं.

शनिवारी आम्ही इथल्या मराठी मंडळातल्या चौघी शहरातल्या संग्रहालयात जुन्या डच चित्रांचं प्रदर्शन बघायला गेलो. खालची मुलगीही आली, उलटी झालीच तर म्हणून पर्समध्ये प्लॅस्टिकची पिशवी ठेवून. बायबलमधल्या दृष्टान्तांची चित्रं होती, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली. मी फोनवर तीन दिवस अभ्यास केला होता, त्यामुळे समजावून सांगायचा मान मी कुणी न देताच घेतला. एका चित्रात दहा मुली नवरदेवाची वाट बघत होत्या. दिव्याचं जादा तेल आणलेल्या पाच शहाण्या सूत कातत होत्या, पाच वेड्या नाचत होत्या. दिवा म्हणजे श्रद्धा, तेल म्हणजे सत्कर्म, असं मी सांगत सुटले. दालनातली कर्मचारी बाई ‘हळू बोला’ची पाटी दोनदा माझ्यासमोर धरून गेली. मी जपानी पद्धतीने वाकले आणि पुढे चालू ठेवलं.

वेड्यांनी तेल मागितलं तेव्हा शहाण्या काय म्हणाल्या, असं एकीने विचारलं.

“आम्हालाच पुरणार नाही, दुकानातून आणा,” मी म्हणाले.

चित्राच्या कोपऱ्यात एक बंद दार होतं आणि बाहेर पाच मुली. खालच्या मजल्यावरची तिकडेच बघत होती.

“ताई, या शहाण्यांना खरंच पुरलं नसतं का हो?”

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

घरी येताच मी तिन्ही पाकिटं घेऊन खाली गेले. तिने दार पूर्ण उघडलं. कपाटात मागे राहिली होती, आत्ता सापडली, असं मी तिथेही खोटंच बोलले. तिच्या ओट्यापाशी पहिलं पाकीट कापलं, तर खवट. दुसरं खवट. तिसऱ्याच्या वासाने ती बाथरूमकडे धावली. मला स्वतःची शिसारी आली.

तोंड धुऊन आल्यावर ती म्हणाली, “असू दे ताई. बसा, भात झालाय.”

तिच्याकडे एकच लिंबू होतं. त्यातलं अर्धं तिने माझ्या भातावर पिळलं.