उजवीकडचं जनावर

गोल्फच्या स्पर्धेत मी आयुष्यात एकच पराक्रम केला. चालू खेळातला बॉल उचलला. पायाशी येऊन पडला होता, म्हणून रुमालाने पुसून, लग्नात आहेर द्यावा तसा दोन्ही हातांनी मेव्हण्याला नेऊन दिला. पंच धावत आले. निवृत्ती मात्र हळूच म्हणाला, "दाजी, हुता तिथं ठिवा. आन् हात खिशात घाला."

निवृत्ती म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, खुटबावचा. आजोबांनी मेंढरं राखली, वडिलांनी ऊस लावला आणि हा पुण्यात साहेबांच्या गोल्फच्या पिशव्या उचलता उचलता स्वतःच व्यावसायिक खेळाडू झाला. गावात कुणी विचारलं, "काय करतूस रं?" की म्हणायचा, "आज्जा मेंढरं वळायचा, मी बॉल वळतो. मेंढरं जरा तरी ऐकायची."

गेल्या वर्षी बॉल अजिबातच ऐकेनासा झाला. पात्याऐवजी काठीच्या मानेला लागायचा आणि समोर जायचं सोडून उजवीकडे सणसणत सुटायचा. मोठमोठ्या खेळाडूंनाही हे अचानक होतं म्हणे, आणि एकदा झालं की मनात घर करतं. त्या फटक्याचं इंग्रजी नाव मी मोबाइलवर वाचलं आणि जेवताना मोठ्याने म्हणून दाखवलं. निवृत्तीचा घास हातातच राहिला.

"दाजी, अंधारात सापाचं नाव घेता का?"

"छे. जनावर म्हणतो."

"मग ह्येलाबी जनावरच म्हना."

कांदा काढलेल्या वावरात तो सराव करायचा, तेव्हा उजवीकडे कुणाला फिरकू द्यायचा नाही. आई पाणी घेऊन निघाली तरी ओरडायचा, "आये, डावीकडनं ये!" एकदा बॉल गोठ्याच्या पत्र्यावर असा आदळला, की गाय दावं तोडून पळाली. निवृत्ती काठी टाकून मटकन खाली बसला. "पत्रा हुता म्हनून बरं," एवढंच बोलला.

मोसमाची शेवटची स्पर्धा आली. निवृत्ती शेवटच्या होलला पोचला तेव्हा हिशेब सरळ होता. इथून तीन फटक्यांत बॉल आत गेला, तर पुढच्या वर्षी खेळायला मिळणार. नाहीतर खेळ सोडायचा. रांजणगावला माझ्या कंपनीत मी त्याच्या नोकरीसाठी शब्दही टाकून ठेवला होता.

मी आणि बायको नेमके उजवीकडे, प्रेक्षकांच्या दोरीला लागून उभे. तो काठी घेऊन उभा राहिला, थांबला आणि चालत आमच्याकडे आला.

"आक्के, तिकडं सरक."

"का? मला हितनं चांगलं दिसतंय."

"जनावर निघंल, आक्के."

"निघू दे. तू मार."

मी तोवर कडुलिंबाच्या खोडाआड गेलो होतो. पोट तेवढं बाहेर राहिलं.

त्याने काठी फिरवली. कोरडा टक्क आवाज झाला आणि बॉल हिच्या कानाजवळून जाऊन लिंबाच्या फांदीवर आदळला. मला एकदम गोठ्याचा पत्रा आठवला. ही मात्र जागची हलली नव्हती.

निवृत्ती धावत आला. तिच्याकडे नुसता बघत राहिला.

"बगतोस काय? मार की."

बॉल आमच्या जवळच पडला होता. त्याने तिथूनच, तिच्या शेजारी उभं राहून मारला. यावेळी आवाजच वेगळा आला. बॉल होलाजवळ उतरला आणि पुढच्या फटक्याला आत गेला.

निघताना तो मला म्हणाला, "दाजी, आक्का हलली न्हाई बगा. तवा म्हनलं, तिला भ्या न्हाई तर मी कशाला भिऊ?"

शिरूरला घरी परतताना मी हिच्या धीराचं कौतुक करत गाडी चालवत होतो. मग ही म्हणाली, "सरकायचंच हुतं वो मला. पायच उचलंनात. त्याला मातूर सांगू नका."