माठाशेजारची सिगारपेटी

आमच्या स्वयंपाकघरात माठाशेजारी, खालच्या फळीवर, एक लाकडी पेटी आहे. नवख्या माणसाला वाटतं, मसाल्याचा डबा असेल. तिच्यात सिगार आहेत. घरात ओढणारं कुणी नाही. अम्मानं पस्तीस वर्षं विड्या वळल्या, पण एकही कधी ओठाला लावली नाही, आणि मी शाळेत मुलांकडून तंबाखूच्या दुष्परिणामांवर निबंध लिहून घेते. पेटी माझ्या मोठ्या भावाची, अण्णाची आहे.

अण्णा दुबईला एका मोठ्या हॉटेलात नोकरीला लागला, त्याला आता बारा वर्षं झाली. काम काय, तर सिगारच्या खोलीची राखण. काचेची खोली, आत ठरावीक गारवा, ठरावीक ओल, आणि ती जरा ढळली तर शिट्टी मारणारं यंत्र. त्याची स्वतःची झोपायची खोली सहाजणांत एक होती, आणि तिथला एसी निम्मा वेळ बंद असायचा. हे ऐकून अम्मा म्हणाली, "चुट्ट्याला येगळी खोली, आन् माझं पोरगं दाटीवाटीत. चुट्टाच व्हायचं होतंस की." सिगारला ती चुट्टाच म्हणते. आम्ही घरी तेलुगू बोलतो, पण अम्माला टोमणा मारायचा असला की ती मराठीत येते. सोलापूरच्या पूर्व भागात जन्म गेला तिचा, टोमण्यांची मराठी तिला चांगली जमते.

पहिल्या सुट्टीत तो ही पेटी घेऊन आला. साहेबानं बक्षीस दिली होती. आत दहा सिगार, प्रत्येकीवर सोनेरी पट्टा आणि पारदर्शक कागदाचं वेष्टन. झाकण उघडल्यावर आलेला वास मला अजून आठवतो. नवं कपाट आणि गूळ एकत्र ठेवल्यासारखा. मी हात पुढे केला तर त्यानं झाकण लावलं. म्हणाला, "आत्ता नाही. कायमचा परत येईन त्या दिवशी गच्चीवर बसून ओढीन. तोवर अम्मा सांभाळेल."

हे तो सहज बोलून गेला असणार. पण अम्माला सहज बोललेलं कळत नाही. तंबाखू धड राहिली तर पोरगा येणार, असा हिशेब तिनं त्याच दिवशी मनाशी बांधला. तिनं तो मला कधी सांगितला नाही, पण मी तिच्याबरोबर राहते, मला दिसायचं.

आणि पहिल्याच वर्षी तिच्या हातून घोटाळा झाला. आषाढातल्या दमट हवेत तिनं पेटी उघडून एक सिगार चिमटीत दाबली, तर ती मऊ लागली. विडी वळणाऱ्या बाईला मऊ म्हणजे वाया गेलेली. ओलसर विडीला बुरशी धरते, कारखान्यातला तपासनीस ती छाट म्हणून फेकून देतो. अम्मानं सगळी वेष्टनं काढून टाकली, कारण कागदात तंबाखूला घाम येतो असं तिचं म्हणणं. मग सुपात मांडून दोन दिवस उघडीप बघून गच्चीवर उन्हं दिली, आणि तिसऱ्या दिवशी चुलीच्या उबेला ठेवलं. मी संध्याकाळी शाळेतून आले तेव्हा चार सिगार लांबीभर तडकून वाया गेल्या होत्या आणि अम्मा त्यांच्यासमोर हात मांडीत घेऊन बसली होती.

तिनं अण्णाला फोन करून सांगितलं. तो हसला. मग त्यानं समजावलं की विडी कोरडी लागते, पण सिगारला अंगात थोडी ओल हवीच. वाळली की भराभर जळते आणि कडू लागते, फार भिजली की ओढताना दम लागतो. आणि शेजारच्या वस्तूचा वास ती लगेच उचलते, तेव्हा हिंग-मसाल्यापासून लांब ठेवायची. अम्मानं सगळं ऐकून घेतलं आणि फोन ठेवल्यावर मला म्हणाली, "मला तंबाखू शिकवतोय." पण तिला बरं वाटलं होतं. पोरगा तिच्याच धंद्याचं बोलत होता.

ओल कशी राखायची हे तिला कुणी सांगायला नको होतं. विडीची तेंदूची पानं कापण्याआधी रात्रभर ओल्या गोणपाटात ठेवावी लागतात, नाहीतर वळताना मोडतात. त्याच गोणपाटाचा तुकडा भिजवायचा, पिळायचा, गालाला लावून बघायचा. गार लागला पण गाल ओला झाला नाही, तर बरोबर. तो पेटीभोवती गुंडाळायचा. मसाल्याचे डबे तिनं पार दुसऱ्या भिंतीला हलवले, हिंगाची डबी तर देवघराच्या खाली गेली. पेटीजवळ राहिली फक्त तिची पानांची पाटी आणि विड्यांची तंबाखू. त्यांनाही वास असतो, हे तिच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. आम्ही त्या वासातच वाढलो, आमच्या लेखी तो वासच नव्हता.

अशी वर्षं गेली. उन्हाळ्यात सोलापूरची हवा तव्यासारखी तापते, तेव्हा अम्मा दिवसातून दोनदा गोणपाट बदलायची. तिच्या गुडघ्याला तेल लावायचं राहून जायचं, पण हे राहायचं नाही. अण्णा दोन वर्षांतून एकदा पंधरा दिवस यायचा, पेटीकडे बघायचा, आणि म्हणायचा, "अजून एकदोन वर्षं." मग त्याचं लग्न झालं, वहिनी तिकडे गेली, मुलगा तिकडच्या शाळेत जाऊ लागला. अम्माची नजर कमी झाली, बोटं वाकडी झाली, विड्या सुटल्या. पानांची पाटी रिकामी झाली, पण गोणपाट भिजायचं थांबलं नाही.

खरं सांगते, मला त्या पेटीचा राग यायचा. मी रोज घरी असते. मी आणलेली भाजी, मी भरलेलं लाईट बिल, मी केलेला दवाखाना, यातलं काही कुणी ओल्या कपड्यात गुंडाळून ठेवत नाही. जो लांब आहे त्याचीच निगा राखली जाते. पण तो यावा असं मलाही वाटायचं, अम्माइतकंच, आणि ते लपवायला मी रागावत होते.

गेल्या हिवाळ्यात तो चारच दिवसांच्या रजेवर आला, तेव्हा दोन दिवस नुसता मोबाईलवर बोलत होता. तिसऱ्या दिवशी जेवताना सांगितलं, तिथंच मोठं पद मिळतंय, कंपनी घर देतेय. बोलताना तो ताटाकडे बघत होता. अम्मा उठली, पेटी आणली, त्याच्यासमोर ठेवली.

"पेटव."

"अम्मा, मी म्हणालो होतो कायमचा आल्यावर..."

"ठाऊक हाय काय म्हणालास. ठेवून ठेवून तंबाखूची माती व्हायची. पेटव, मी बघते."

आम्ही तिघं गच्चीवर गेलो. चार वाजले होते, शेजारच्या यंत्रमागांची खडखड चालू होती. अण्णानं सिगार कानाशी धरून दाबली, नाकाखाली फिरवली, अगदी हॉटेलात करत असेल तशी. मग त्याची भुवई चढली. "हिला वास लागलाय," तो म्हणाला. "आमच्याकडे अशी पाहुण्यापुढे ठेवत नाहीत. छाट." अम्माचा चेहरा उतरला. मला त्याच्या हातातून ती ओढून घ्यावीशी वाटली.

त्यानं पेटवली. दोन-तीन झुरके घेतले आणि थांबला. बराच वेळ सिगार हातातच जळू दिली.

"पानं," तो म्हणाला. "ओलं गोणपाट. तुझं विड्यांचं सूप." आणि मग, "अम्मा, हे आपलं घर आहे." बारा वर्षांत मी त्याला पहिल्यांदा रडताना बघितलं. अम्मानं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "जा आता. मी मोकळं केलं तुला." त्यानं ती सिगार बोटाला चटका बसेपर्यंत ओढली. चौथ्या दिवशी तो गेला.

मला वाटलं, संपलं. पेटी आता कपाटावर टाकावी म्हणून मी रविवारी स्वयंपाकघरात गेले, तर अम्मा मोरीशी बसून गोणपाट पिळत होती. वाकड्या बोटांतून पाणी तसंच निथळत होतं.

"अगं, त्याला सोडलंस ना तू?"

"त्याला सोडलं," ती म्हणाली. "पर अजून पाच हायत की." तिनं गोणपाट माझ्यापुढे धरलं. मी पिळलं, गालाला लावलं. गाल ओला झाला. ते गोणपाटाच्या पाण्यानं की कशानं, अम्मानं विचारलं नाही. म्हणाली, "अजून थोडं पीळ."