घंटेतली लव्हाळी

भुताखेतांवर मी कधी विश्वास ठेवला नाही, आजही ठेवत नाही. माझा संशय आधी माणसावरच जातो. कोंडवाड्याची ड्यूटीच तशी... मोकाट ढोरं पकडणाऱ्याशी सारा गाव तोंडावर गोड बोलतो आणि पाठ फिरली की फसवतो!

ही गोष्ट पन्नास-साठच्या मधली. मार्कंड्याच्या खालच्या अंगाला, वैनगंगेच्या काठी आमचं गाव. जिल्हा तेव्हा चांदा. धान निसवला की काही लोक बैलाच्या गळ्यातल्या लाकडी घंटेत तणस, म्हणजे धानाचा पेंढा, कोंबून त्याला सोडायचे — दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत चरताना मला आवाज येऊ नये म्हणून. गावातला जयराम मात्र नदीतली ओली लव्हाळी कोंबायचा. ती काही केल्या सुटत नाही. पक्का बेरकी माणूस! एका पावसाळ्यात तो आपल्या लाकडी डोंग्यासकट नदीत वाहून गेला, प्रेतही मिळालं नाही.

मागे राहिली बायको पार्बता आणि तो एक बैल. बैल पुन्हा पुन्हा लोकांच्या धानात सापडू लागला, आणि दरवेळी घंटेत ओली लव्हाळी! हे काम हिचंच, दुसऱ्या कोणाचं? ती रडून सांगायची, धनी गेल्यापासून नदीवर पाय नाही ठेवला. मला ते नाटक वाटायचं. शेवटी पंचायतीनं बैलाचा लिलाव ठरवला. तो गेला असता तर तिची शेतीच बसली असती.

लिलावाच्या दुपारी मी स्वतः घंटा साफ केली, बैल कोंडला, फाटकाला कुलूप घातलं. पार्बतानं चलाखी करू नये म्हणून तिला फाटकासमोर माझ्याजवळच बसवलं. आत घंटा खडखडत होती... आणि एकदम बंद. कुलूप काढून पाहतो तर कोंडवाडा रिकामा! भिंत माझ्या डोक्याहून उंच. भिंतीबाहेर मागच्या बाजूनं खुरांचे ठसे निघाले होते, ते सरळ नदीत उतरलेले. काठावर घंटा पडली होती, लव्हाळीनं गच्च भरलेली.

पार्बता माझ्यामागं आली होती. मी दटावून विचारलं, कोंडवाड्यामागं कोणाला उभं केलं होतंस? तिनं पाण्याकडे बोट केलं.

"धनी बैल न्यायले आला, भाऊ," ती म्हणाली. "मले नाई बोलावलं."

मी गावात घरोघर जाऊन पाहिलं, नावाडी विचारले. बैल कुठंच नव्हता. कोणीतरी चोरच असणार, असं मी आजही म्हणतो... पण कोण, आणि कसा, ते मला सांगता येत नाही. त्यानंतर पार्बता रोज काठावर जाऊन बसायची. अंधार पडायच्या आत तिला घरी आणायला मीच जायचो, पण पाण्याकडे बघायची माझी हिंमत होत नसे.